वेताची खुर्ची परत फॅशनमध्ये आलीय, त्यामागची गोष्ट

येत्या वर्षात घरात काय चालणार याच्या ज्या याद्या फिरत असतात त्यात एक गोष्ट हमखास असते, वेताची जाळी. खुर्चीच्या पाठीला, बेडच्या हेडबोर्डला, वॉर्डरोबच्या शटरला, अगदी शू रॅकला पण. सोबत गोल कडा, मॅट लाकूड, मातकट रंग वगैरे असतं, पण त्यात सांगण्यासारखं फार काही नाही, ग्लॉसी फिनिशचा लोकांना कंटाळा आलाय एवढंच. वेताचं तसं नाही. तो साडेतीनशे वर्षं येतोय आणि जातोय, आणि दरवेळी त्याला हाकलणारे वेगळे आणि परत आणणारे वेगळे. फक्त विणणाऱ्याला कोणी विचारत नाही, ते मात्र दरवेळी सेम.

मुळात वेत आशियातला. ताडाच्या कुळातली काटेरी वेल, जंगलात झाडांवर चढत जाते, आपल्याकडे ईशान्येत, अंदमानात आणि पश्चिम घाटात आहे पण सगळ्यात जास्त इंडोनेशियात. वरची चकचकीत साल काढून तिच्या बारीक पट्ट्या केल्या की विणायचा वेत तयार. हा माल सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून युरोपात पोचला, इंग्लंडमध्ये १६६४ च्या सुमाराला वेताच्या खुर्च्या सुरू झाल्या, आणि १६६६ ला लंडनला मोठी आग लागली, अर्धंअधिक शहर नव्याने सजवायचं होतं, त्यात या खुर्च्या धडाधड खपल्या. हलक्या, स्वस्त, दिसायला नवीन. आता खपल्या म्हणजे कोणाच्या तरी पोटावर पाय आलाच. खुर्च्यांना लोकरीचं कापड लावणाऱ्यांचा धंदा बसला आणि त्यांनी थेट पार्लमेंटकडे अर्ज केला की या खुर्च्या बंद करा. खुर्चीवाल्यांनी उलट अर्ज केला, त्यात कारणं दिली की आमची खुर्ची टिकते, हलकी असते, आणि तिला धूळ, किडे, कसर लागत नाही. म्हणजे आजच्या ऑनलाइन जाहिरातीत जे लिहितात जवळपास तेच.

किडे लागत नाहीत हे मात्र आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगून बघा! ढेकूण. वेताच्या खुर्चीत फ्रेमला जी भोकं असतात ना, पट्टी जिथून आत जाते, ती ढेकणांची हक्काची जागा. खुर्च्या उन्हात आपटायच्या, फटीत रॉकेल सोडायचं, उकळतं पाणी ओतायचं, हे सगळं केलेली पिढी अजून आहे घराघरात, आणि लोखंडी कपाट, लोखंडी घडीची खुर्ची या गोष्टींचं तेव्हा जे कौतुक झालं त्यात या प्रकाराचा वाटा नक्की असणार असं मला वाटतं. गोदरेजची लोखंडी कपाटं १९२३ पासूनची, चोरापासून सेफ म्हणून घेतली लोकांनी, पण ढेकूण होत नाहीत हा बोनस.

तर ही फॅशन साहेबाबरोबर उलटी फिरून आपल्याकडे आली. मुळात आशियातलंच कौशल्य, पण खुर्चीचा आकार युरोपातला. मागे रेललेली पाठ, लांबच लांब हात, त्यावर पाय टाकून पडायचं ती आरामखुर्ची, बंगले, डाक बंगले, क्लब, मग वकील-डॉक्टरांच्या घरी आणि वाड्यांत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यात पण वेताच्या खुर्च्या आणि बाक दिसतात, तिथे ते पोर्तुगीजांच्या वळणाचे. कारण साधं आहे, आपल्या हवेत गादीवाली खुर्ची म्हणजे घाम. जाळीतून पाठीला वारा लागतो.

दुसरी एक वाट व्हिएन्नाहून आली. मायकल थोनेट नावाच्या माणसाने बीच नावाच्या युरोपातल्या झाडाचं लाकूड वाफेवर वाकवून १८५९ मध्ये १४ नंबरची खुर्ची काढली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटी केली तर एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या बसायच्या, मग जगात कुठेही पाठवा आणि तिथे जोडा. आयकिया नवी मुंबईत आलं २०२० मध्ये, लोकांना फ्लॅट पॅकचं, म्हणजे सुटे भाग खोक्यात आणून घरी जोडायच्या फर्निचरचं, भारी अप्रूप वाटलं, पण हा खेळ दीडशे वर्षांहून जुना आहे. त्या खुर्चीला वेताची बैठक असायची, कॉफी सांडली तरी खाली गळून जाते म्हणून कॅफेवाल्यांना सोयीची. मुंबई-पुण्याच्या इराण्यांकडे ज्या वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या आहेत त्या याच घराण्यातल्या.

पण वेत खरा तगला तो सरकारी ऑफिसात. कोर्ट, कलेक्टर कचेरी, स्टेशन मास्तरची केबिन, सगळीकडे सागवानी फ्रेम आणि वेताची बैठक. बैठक फाटणार हे धरलेलंच असायचं, फ्रेम तशीच ठेवून परत विणायची. हे काम अंध शाळांमध्ये शिकवलं जायचं आणि सरकारी नोकरीत अंधांसाठी ठरवलेल्या पदांमध्ये चेअर केनर, म्हणजे खुर्चीचा वेत विणणारा, हे एक पद होतं. यात दया वगैरे काही नाही, काम खरंच बोटांचं आहे. वेत आधी पाण्यात भिजवून मऊ करायचा, चकाकणारी बाजू वर. पहिली फेरी उभी, दुसरी आडवी, परत उभी, मग आडवी पण या वेळी खालून-वरून ओवत, आणि मग दोन तिरक्या फेऱ्या एकमेकींना छेद देत. सहा फेऱ्या झाल्या की ती अष्टकोनी भोकं दिसायला लागतात, शेवटी कडेने एक पट्टी बांधून भोकं झाकायची. तिरकी फेरी चुकीच्या बाजूने ओवली तर पट्टी सरकत नाही, अडकते, घासून तुटते, आणि हे डोळ्याआधी बोटाला कळतं. एक बैठक म्हणजे चांगल्या कारागिराचा पण दिवस सहज जातो. नंतर ऑफिसांनी प्लॅस्टिकच्या पट्टीने विणून घ्यायला सुरुवात केली, मग फोमच्या फिरत्या खुर्च्या आल्या आणि विषय संपला.

याच सरकारी खुर्चीमुळे वेत परत आला, ही गंमत आहे. चंदीगड उभं राहत होतं तेव्हा शहराचा आराखडा करणारा वास्तुकार ल कॉर्बुझिए याचा चुलतभाऊ, वास्तुकार पिएर जानरे तिथे १९५१ ते १९६५ राहिला, आणि सचिवालय, हायकोर्ट, विद्यापीठ यांना हजारोंनी फर्निचर लागणार म्हणून सागवान आणि वेतात डिझाइनं झाली. पाय उलट्या व्ही सारखे, दणकट, बनवायला सोपे, कारण तिथल्याच छोट्या वर्कशॉपमध्ये बनवायचे होते. नंतर त्या मोडल्या, गच्चीवर आणि आवारात ढीग पडले, भंगार म्हणून लिलावात निघाल्या. परदेशी डीलर्सनी त्या उचलल्या, पॉलिश केल्या, नवीन वेत विणून घेतला, आणि पॅरिस, न्यूयॉर्क, लंडनच्या लिलावांत त्याच खुर्च्या लाखांच्या भावाने जायला लागल्या. पाठीवर खात्याचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेला असतो, कारकुनाने स्टॉक रजिस्टरसाठी टाकलेला, तो असला तर खुर्ची अस्सल म्हणून भाव जास्त! आपल्या गृहमंत्रालयाने २०११ मध्ये विक्री आणि निर्यातीवर बंदीचा आदेश काढला, तोपर्यंत बराच माल गेला होता. तिथून मग परदेशी मासिकं, श्रीमंतांच्या घरांचे फोटो, इन्स्टाग्राम, आणि शेवटी जोधपूरच्या कारखान्यातली कॉपी आपल्या अ‍ॅपवर. आपलीच खुर्ची पॅरिसला जाऊन आली तेव्हा आपल्याला आवडली, हे जरा लागतं मनाला, पण आहे असं.

मधल्या काळात आपण काय करत होतो? फेविकॉल १९५९ चं. त्याआधी सुतार सरस उकळून वापरायचे, वास मारणारं काम, डबा सतत गरम ठेवा. फेविकॉल, प्लायवूड आणि सनमायका हे तिन्ही एकत्र आले आणि घरच्या घरी सुताराकडून बॉक्स टाइप फर्निचर करून घेणं शक्य झालं. त्यात मुंबईत १९७२ ला टीव्ही आला, मग हॉलची सगळी मांडणी टीव्हीकडे तोंड करून, टीव्हीचं युनिट, त्यात शोकेस, समोर फोमचा सोफा. वेताची खुर्ची गॅलरीत, तिथून माळ्यावर, तिथून भंगारवाल्याकडे. त्या पिढीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, वन रूम किचनमध्ये पाय पसरून बसायची आरामखुर्ची ठेवणार कुठे.

आता जो वेत येतोय तो बहुतेक मशीनवर विणलेला, रोलमध्ये. फ्रेमला खाच पाडायची, ओली जाळी त्यात दाबायची, वरून वेताचीच गोल पट्टी ठोकून बंद. थोड्या वेळात काम होतं, शटरला लावायला मस्तच, रोज बसायच्या खुर्चीला हाताची विण जास्त टिकते असं कारागीर सांगतात आणि मला पटतं. ओळखायचं कसं, तर बैठक उलटी करून बघा, फ्रेमला भोकांची रांग असेल आणि खाली गाठी दिसत असतील तर हाताचं, कडेने फक्त खाच आणि पट्टी असेल तर रोलचं. इंडोनेशियाने कच्च्या वेताची निर्यात २०१२ पासून बंद केलीय, त्यामुळे स्वस्तात मिळतं ते बऱ्याचदा प्लॅस्टिक निघतं. आणि ज्या सनमायकाने वेताला घराबाहेर काढलं त्याच्यावर आता वेताच्या जाळीची प्रिंट येते, दुकानात शेडकार्ड मागून बघा.

घेणारच असाल तर एक लक्षात ठेवा, एसीच्या खोलीत किंवा कडक उन्हात वेत कोरडा पडून तडकतो. बैठकीला झोळ आला तर खालच्या बाजूने, म्हणजे चकाकी नसलेल्या बाजूने, ओलं फडकं लावून ठेवायचं आणि रात्रभर कोणी बसायचं नाही, वाळताना वेत आवळतो आणि झोळ बराचसा जातो. वरच्या बाजूने पाणी मारून उपयोग नाही, सालीतून ते आत शिरतच नाही.