स्विचचं दूरचं लॉगिन : टेलनेटपासून एसएसएचपर्यंत

नेटवर्क स्विच म्हणजे संगणक एकमेकांना जोडणारी पेटी. तिला स्वतःचा स्क्रीन नसतो, कीबोर्ड नसतो. तिची मांडणी करायच्या कन्सोल पोर्टला केबल लावायला रॅकपर्यंत जावं लागतं. ती पायपीट टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या यंत्रात लॉगिन करायच्या पद्धतीने, वाचवली. 1969 मध्ये इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटवर सुरू झालेल्या या प्रोटोकॉलचं प्रमाण रूप 1983 च्या आरएफसी 854 मध्ये आलं; आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज. तेव्हा जोडलेली यंत्रं मोजकी होती आणि सगळा कारभार विश्वासावर चालायचा.

टेलनेटवर पासवर्ड किती उघडा जातो, हे पॅकेट कॅप्चरमध्ये, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांच्या नोंदीत, एकदा तरी स्वतः पाहावं. दाबलेलं प्रत्येक अक्षर सहसा वेगळ्या पॅकेटातून जातं. युजरनेमचं अक्षर स्विच परत पाठवतो, म्हणून ते दोनदा दिसतं. पासवर्डचं परत येत नाही, म्हणून एकदाच. स्क्रीनवर लपलेला पासवर्ड तारेवर अक्षर अक्षर वाचता येतो.

1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात असाच पासवर्डचोरीचा हल्ला झाला आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. यात लॉगिन टेलनेटसारखंच, पण सगळं एन्क्रिप्शन करून, म्हणजे सांकेतिक रूपात, जातं. त्याला पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या सेवेचा ठरलेला क्रमांक, मिळाला 22, टेलनेटच्या 23 ला खेटूनच. पहिल्या आवृत्तीत उणिवा निघाल्या; दुसरी 2006 मध्ये आरएफसी झाली.

पण स्विचवर हा बदल फार रेंगाळला. अमेरिकेने एन्क्रिप्शनच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते, म्हणून स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या आयओएस या स्विचमधल्या सॉफ्टवेअरची एन्क्रिप्शन असलेली इमेज (फाइल) वेगळी असे आणि तिच्या नावात 'के9' असे. ती इमेज नसलेल्या स्विचवर एसएसएच चालायचंच नाही. टेलनेटला पर्याय नव्हता. यंत्रांवर दुरून देखरेख ठेवणाऱ्या एसएनएमपी या प्रोटोकॉलचीही तीच गत. 'पब्लिक' हा ठरलेला कम्युनिटी शब्द, म्हणजे त्याचा पासवर्डच, उघडाच फिरायचा. एन्क्रिप्शन आलं ते तिसऱ्या आवृत्तीत.

नुसतं एसएसएच चालू केल्याने काम संपत नाही, टेलनेट बंदही करावं लागतं. मार्च 2017 मध्ये, विकिलीक्स या संकेतस्थळाने अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएची कागदपत्रं फोडल्यावर, सिस्कोला स्वतःच्या क्लस्टर मॅनेजमेंटच्या, म्हणजे अनेक स्विच एकत्र सांभाळायच्या, कोडमध्ये एक भोक सापडलं. क्लस्टर वापरात नसला तरी टेलनेटवरून लॉगिनशिवाय स्विचचा पूर्ण ताबा घेता येत होता. 300 हून अधिक मॉडेल्स त्यात सापडली. दुरुस्ती येईपर्यंत कंपनीचा सल्ला होता, टेलनेट बंद करा. ते जमत नसेल, तर स्विचपर्यंत कोण पोचू शकतं हे अ‍ॅक्सेस लिस्टने, म्हणजे परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीने, आवळा.