प्रबंध रखडतो कुठे? चालढकलीची पार्श्वभूमी

पुण्यात पीएच.डी.चे प्रबंध वर्षानुवर्षे का रखडतात, ही चर्चा बहुधा ‘मुलांना शिस्त नाही’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. पण चालढकलीला आळसाच्या खात्यात टाकणे आपल्या परंपरेलाही मान्य नसावे. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणे सांगताना आळशी, विषादी आणि दीर्घसूत्री (म्हणजे काम लांबणीवर टाकणारा) ही तीन विशेषणे वेगवेगळी येतात.

मानसशास्त्राने या विषयात लक्ष घातले ते अलीकडे. १९८४च्या एका अमेरिकी पाहणीत ४६ टक्के विद्यार्थ्यांनी सत्राचे लेखी निबंध आपण नेहमी किंवा बहुतेक वेळा पुढे ढकलतो, असे सांगितले. पुढे बराच काळ उपाय म्हणून वेळापत्रकावरच भर राहिला. २०१३च्या सुमारास मात्र एक वेगळी मांडणी जोर धरू लागली: कामासोबत येणारी धास्ती, कंटाळा, आपण कमी पडू ही भावना नकोशी होते, म्हणून माणूस काम बाजूला सारतो आणि त्या क्षणापुरता सुटतो. निष्कर्षांचे प्रकरण लिहायचे सोडून संदर्भसूचीतले स्वल्पविराम पुन्हा तपासत बसलेला, गाइडचा नंबर दिसताच मोबाइल पालथा ठेवणारा संशोधक दिवसभर राबतच असतो.

या पार्श्वभूमीवर मुदतीचा वाद पाहायला हवा. २०१६च्या केंद्रीय नियमावलीनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. महिला व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षे जादा. कोविडकाळात सहा-सहा महिन्यांच्या मुदतवाढी मिळत गेल्या. नोव्हेंबर २०२२मध्ये नवी नियमावली आली. सहा वर्षे कायम राहिली, पण पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळवता येऊ लागली. मुदत हवीच, नाहीतर प्रबंध कधीच पुरा होत नाही, असे एक बाजू म्हणते. नोकरी, संसार सांभाळून, शिष्यवृत्तीची वाट पाहत संशोधन करणाऱ्यांवर हा अन्याय आहे, असे दुसरी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे खरे आहे; जिल्ह्यातून येऊन पुण्यात खोलीभाडे भरणाऱ्याला सहा वर्षे पुरत नाहीत ती केवळ टाळाटाळीमुळे नव्हे.

पण या भांडणात सहा वर्षांचा आकडा गाजला आणि त्याच नियमावलीतले सहा महिन्यांचे कलम झाकोळले. संशोधकाने दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची, हे २०१६पासून नियमात आहे. २०२२मध्ये ते दर सत्राला झाले. कित्येक ठिकाणी ते चार स्लाइड आणि एका सहीत उरकते. २००२च्या एका प्रयोगात मात्र समान अंतराने बाहेरून घालून दिलेल्या मुदतींत विद्यार्थ्यांचे काम सर्वांत चांगले झाले, स्वतः ठरवलेल्या मुदतींत त्याहून कमी, आणि सगळे शेवटच्या दिवसावर सोडले तेव्हा सर्वांत वाईट.

२०१०मधले आणखी एक निरीक्षण समितीच्या खोलीत बसणाऱ्यांनी लक्षात घ्यावे असे आहे. पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. समितीने ‘इतके दिवस काय केलेत?’ असे दरडावण्यापेक्षा ‘कोणत्या प्रकरणाची भीती वाटते, आणि त्याची पहिली दोन पाने कोणत्या वारी, कुठे बसून लिहाल?’ असे विचारले, तर त्या कलमाचा खरा उपयोग होईल.