देशाची सीमा बंद करू पाहणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या जालन्याच्या दुकानात चेनलिंक जाळी, काटेरी तार, सिमेंटचे खांब आणि झटका मशीन मिळते. रानडुक्कर, रोही यांच्यासाठी माल खात्रीचा आहे. (खांबांतलं अंतर वाढवून पैसे वाचवू नका, जाळी झोल खाते.) हल्ली टीव्ही पाहून काही गिऱ्हाइकं अमेरिकेसारखी भिंत करून मिळेल का, असंही विचारतात. मिळेल की! आधी एवढं वाचा.

अमेरिका-मेक्सिको सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटरची. काही ठिकाणी ३० फुटी पोलादी खांब रोवलेत. मात्र तिथे बिनाकागदाचे राहणारे बरेच जण रीतसर व्हिसा घेऊन विमानातून उतरले आणि मुदत संपल्यावर परतलेच नाहीत. विमानतळावर झाकायला आमच्याकडे जाळी नाही.

त्यामुळे दुसरा माल सुचवतो.

मक्याचं कुंपण: भोकरदन-सिल्लोडकडच्या मंडळींना भाव पडणं म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. १ जानेवारी १९९४ ला अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातला नाफ्टा हा खुल्या व्यापाराचा करार लागू झाला आणि अमेरिकेचा अनुदानावर पिकलेला स्वस्त मका मेक्सिकोत उतरू लागला. तिथल्या दोन-चार एकरवाल्याला मका परवडेना. पोरं उत्तरेकडे निघाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सॅन दिएगोजवळ बंदोबस्त आवळला गेला, मग माणसं ॲरिझोनाच्या वाळवंटातून जाऊ लागली, कित्येक तिथेच तहानेनं गेली. मक्याला गेट सताड उघडं आणि मका पिकवणाऱ्यापुढे तार! तार तेवढीच लागेल, फक्त माणसाऐवजी पोत्यांपुढे ओढायची.

मालकाचं कुंपण: हे कामावर ठेवणाऱ्याच्या दाराभोवती लावायचं. माल अगदी थोडा लागतो. बिनापरवाना माणूस जाणूनबुजून कामाला ठेवणं अमेरिकेत १९८६ पासून बेकायदा आहे, पण कागद वरवर खरा दिसला की मालक सुटला. या मालाला मोठ्या बागायतदारांकडून अजून विचारणा नाही.

मुकादम पॅकेज: आष्टी, पाटोदा, धारूरकडे हे पाठ आहे. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, बिऱ्हाडासकट ट्रॅक्टरवर चढतात, गावात म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. सांगलीच्या हद्दीवर त्यांच्यासाठी कुणी तार ओढलेली ऐकलीय? ऊस उभा असताना कोण ओढणार! अमेरिकेनंही १९४२ ते १९६४ मेक्सिकोतून शेतमजूर असेच करारावर बोलावले. करार संपला, पीक काढायचं काम राहिलं, आणि कालचा बोलावलेला मजूर घुसखोर झाला. आमच्या पॅकेजमध्ये जायचे कागद, गाडीभाडं आणि परतीचं तिकीट येतं. उचल फिटत का नाही, हे मात्र मुकादमालाच विचारा.

गेटचे पैसे वेगळे पडतील. बिनगेटचं कुंपण आजवर कुणी मागितलेलं नाही.

उधारी बंद आहे. ‘पैसे शेजारी देईल’ असं सांगून माल उचलू नये. अमेरिकेतल्या एका बड्या गिऱ्हाइकानं २०१६ च्या निवडणुकीत हेच सांगितलं होतं, बिल त्यांच्याच जनतेला भरावं लागलं.