औताचा बैल पटात: टुरिंग कार शर्यतींची पार्श्वभूमी

वाळूजच्या एका प्रेसशॉपमध्ये मी पत्र्याचं काम बघतो. रविवारी भाचा मोबाइलवर गाड्यांची शर्यत लावून बसला होता. एकाच वळणात सात-आठ गाड्या शिरलेल्या, बंपरला बंपर घासत होता, एकीचा आरसा लोंबत होता. भाचा म्हणाला, "मामा, ही तर सिव्हिक. आपल्या कॉलनीतल्या डॉक्टरांकडे होती ना?" थोड्या वेळाने पुढचा प्रश्न आला, "सकाळी पहिला आलेला आता मागे का उभा केलाय? आणि जिंकणाऱ्याच्याच गाडीत जास्तीचं वजन का टाकतात?"

प्रश्न साधे होते, पण त्यांच्या उत्तरात साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास आहे. टुरिंग कारच्या शर्यतीचा आठवडाअखेर आज जसा दिसतो, म्हणजे सराव, पात्रता फेरी, दोन किंवा तीन छोट्या शर्यती, वजनकाटा आणि तपासणी, तसा तो कुणी एका बैठकीत ठरवलेला नाही. कधी भांडण झालं, कधी चलाखी पकडली गेली, कधी खर्च परवडेनासा झाला. त्या प्रत्येक वेळी एकेक नियम जोडला गेला.

टुरिंग कार म्हणजे मुळात बायकापोरं आणि सामान घेऊन लांबच्या प्रवासाला निघायची, छप्पर असलेली घरगुती गाडी. फॉर्म्युला वनची गाडी जन्मापासून शर्यतीसाठीच असते. टुरिंग कारचं तसं नाही. शोरूममध्ये मिळणारी गाडी शर्यतीला उतरवायची, ही त्यातली मूळ कल्पना. आपल्या भाषेत सांगायचं तर औताचा बैल पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत आणायचा.

ही उपमा मी उगाच देत नाही. आपल्याकडच्या शंकरपटात बैलांचे गट दातांवरून पाडतात: आदत (पक्के दात न आलेला), दुसा (दोन दाती), चौसा (चार दाती). दोन दाती गोऱ्ह्याला पुऱ्या जुळलेल्या बैलापुढे कुणी उभं करत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली सलून गाड्यांचं, म्हणजे अशा छप्परवाल्या घरगुती गाड्यांचं राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू झालं, तेव्हा तिथल्या आयोजकांनीही हेच केलं. दातांच्या जागी त्यांनी इंजिनाचा आकार धरला. गाड्या एकाच ट्रॅकवर एकत्र धावायच्या, पण गुण आपापल्या गटातल्या क्रमांकाचे मिळायचे. त्यामुळे सगळ्यांत शेवटी पोहोचणारी छोटी गाडीही आपल्या गटात पहिली असली, तर मोठ्या जग्वारएवढेच गुण घेऊन जायची.

याचा परिणाम पहिल्याच वर्षी दिसला. ऑस्टिन वेस्टमिन्स्टर चालवणारा जॅक सिअर्स आणि जग्वार चालवणारा टॉमी सॉपविथ यांचे मोसमाअखेरीस अगदी बरोबरीचे गुण झाले. दोघांचे गट वेगळे, मग विजेता कोण? नाणं उडवून ठरवा, अशी सूचना पुढे आली. ती दोघांनाही पटली नाही. शेवटी ब्रँड्स हॅच ट्रॅकवर एकसारख्या दोन रायली गाड्या आणल्या. आधी पाच फेऱ्या झाल्या, मग दोघांनी गाड्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा पाच फेऱ्या मारल्या. पाऊस होता. दोन्ही वेळांची बेरीज केल्यावर सिअर्स १.६ सेकंदांनी पुढे निघाला. पटाच्या निकालात सेकंदाच्या भागासाठी लोक कसे अडून बसतात हे ज्याने पाहिलंय, त्याला हा प्रसंग लगेच ओळखीचा वाटेल. गाडी बदलून पुन्हा पळवणं ही कल्पना मला तर फार आवडते. माणूस जिंकला की यंत्र, याचा इतका सरळ निवाडा पुढे क्वचितच झाला.

गटवार गुणांमुळे छोट्या गाड्यांचं फावलं. १९६१ आणि १९६२ या दोन्ही वर्षी मिनीवाल्यांनी अजिंक्यपद नेलं. १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षं बिल मॅकगव्हर्न नावाच्या चालकाने सनबीम इम्प या चिमुकल्या गाडीवर ते जिंकलं. मधे १९६४ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता जिम क्लार्कही लोटस कॉर्टिना घेऊन उतरला आणि विजेता ठरला. आज हिरो चालक आपल्या शहरातल्या टॅक्सीसारख्या गाडीत बसून धावला तर गर्दी कशी लोटेल, याची कल्पना करा. १९६३ पासून युरोपचं वेगळं अजिंक्यपद सुरू झालं आणि त्याच दशकात ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या डोंगरावरची लांब पल्ल्याची शर्यत तिथल्या लोकांचा सणच बनली.

आता आमच्या पत्र्याच्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो.

शोरूमची गाडी पळवायची म्हटलं की पहिला वाद हाच निघतो, की ही खरंच शोरूमची गाडी आहे का? १९८२ पासून 'ग्रुप ए' नावाचा नियम आला. बारा महिन्यांत ५,००० गाड्या बनवल्या असतील तरच ते मॉडेल शर्यतीला चालेल. त्यातली सुधारित आवृत्ती उतरवायची तर आणखी ५०० बनवा. हेतू चांगला होता, पण कंपन्यांनी हिशेब उलटा मांडला. आधी शर्यतीची गाडी डोक्यात ठेवायची आणि नियमापुरत्या तेवढ्या रस्त्यावर विकायच्या. बीएमडब्ल्यूची पहिली एम३ अशीच जन्माला आली. फोर्डने १९८७ साली सिएरा आरएस५०० च्या ५०० गाड्या बनवल्या. मर्सिडीजने १९९० मध्ये १९० ई ची भलामोठा पंख लावलेली आवृत्ती काढली, ती ५०२. औताला कधीच न जुंपलेला, फक्त पटासाठी पोसलेला बैल गोठ्यात आला तो इथे.

१९८७ हे वर्ष मला सगळ्यांत बोलकं वाटतं. त्या वर्षी पहिल्यांदा टुरिंग कारचं जागतिक अजिंक्यपद भरवलं. पहिलीच शर्यत इटलीत मोंझाला होती. पहिले सहा क्रमांक एम३ नी घेतले आणि तपासणीत सहाही बाद झाल्या, कारण अंगावरचा पत्रा नियमापेक्षा हलका निघाला. सातव्या क्रमांकावर ऑस्ट्रेलियाहून आलेली होल्डन कमोडोर होती. विजय तिला मिळाला. त्याच मोसमात बाथर्स्टला दोन सिएरा पहिल्या-दुसऱ्या आल्या. पुढच्या चाकांवरच्या कमानी नियमाबाहेर वाढवून आत जास्त रुंद टायर बसवल्याचं सिद्ध झालं आणि त्याही बाद झाल्या. तिसऱ्या आलेल्या पीटर ब्रॉकच्या चमूला विजेता घोषित केलं.

साध्या गाडीच्या दरवाज्याचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर असतो. आमच्याकडे प्रेसखालून निघालेल्या पार्टला मायक्रोमीटर लावतात तेव्हा काट्यावरचा फरक केसाएवढा असतो. पण दरवाजे, बॉनेट, डिकी सगळीकडून तेवढा फरक काढला तर गाडीचं वजन किलोंनी उतरतं. कागदावर गाडी तीच राहते, रंग तोच, नाव तेच. म्हणूनच शर्यत संपल्यावर गाड्या थेट बंदिस्त आवारात नेतात, कुणाला हात लावू देत नाहीत, काट्यावर चढवतात आणि मगच निकाल पक्का होतो. उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर गेल्याशिवाय टनेज धरत नाहीत, तसंच ते. रविवारी झेंडा पडल्यावरही निकालापुढे 'तात्पुरता' असं लिहिलेलं दिसतं, त्याच्यामागे ही मोंझाची आणि बाथर्स्टची वर्षं आहेत. त्या जागतिक अजिंक्यपदाचा पहिला विजेता रोबेर्तो राव्हाल्या ठरला, पण स्पर्धा एकाच वर्षात गुंडाळली.

नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये दोन लिटर इंजिनाच्या साध्या सेडान गाड्यांचा जमाना आला. गट गेले, सगळ्यांना एकच माप. कॅव्हेलियर, मोंदेओ, लगुना, प्रिमेरा, अकॉर्ड, म्हणजे शेजाऱ्याच्या दारातली प्रत्येक गाडी. १९९४ साली व्होल्वोने चक्क मागे लांब डिकी असलेली ८५० इस्टेट उतरवली, आणि तिला बघायला लोक आले. त्याच वर्षी अल्फा रोमिओने मागच्या पंखाची उंची वाढवण्याचे तुकडे रस्त्यावरच्या खास गाड्यांसोबत डिकीत सुटे दिले आणि शर्यतीत ते जोडून धावले. विरोधी संघांनी आवाज उठवला, अल्फाचे गुण कापले, संघ ओल्टन पार्क ट्रॅकवरून शर्यत सोडून निघून गेला. पुढे तडजोड झाली आणि त्यांचा चालक गॅब्रिएले तारक्विनी त्या वर्षीचा विजेता ठरला. हे नाव लक्षात ठेवा. १९९६ ला ऑडीने चारही चाकांना ताकद देणारी ए४ क्वाट्रो आणली, फ्रँक बिएलाने अजिंक्यपद जिंकलं, आणि थोड्याच काळात अशा गाड्यांना बंदी झाली. खर्च मात्र वाढतच गेला. दशक संपेपर्यंत कंपन्या एकेक करून निघून गेल्या.

आजचा आठवडाअखेर घडला तो या ओसाडीनंतर. कंपन्यांचा पैसा नाही म्हटल्यावर संघ चालायचे प्रायोजकांवर, प्रायोजक यायचे टीव्हीसाठी, आणि टीव्हीला दिवसभर काहीतरी घडत राहायला हवं. २००४ पासून ब्रिटनमध्ये एका रविवारी तीन छोट्या शर्यती ठेवल्या. पहिलीची रांग शनिवारच्या पात्रता फेरीवरून, दुसरीची पहिलीच्या निकालावरून. तिसरीला पुढच्या काही गाड्यांची रांग उलटी करायची, आणि किती गाड्यांची, ते पुढे सोडतीने ठरू लागलं. सकाळी पहिला आलेला मागे उभा दिसला त्याचं कारण हे.

वजनाचंही तसंच. जो जिंकतो त्याच्या गाडीत पुढच्या शर्यतीला धातूचं वजन बसवतात. ब्रिटनमध्ये ते एके काळी ७५ किलोपर्यंत जायचं. म्हणजे सिमेंटचं दीड पोतं. वळणावर ब्रेक मारताना दीड पोतं अंगावर येतं आणि टायर लवकर झिजतात. मग मागचे जवळ येतात. २०२२ ला तिथे हायब्रिड मोटर बसवली, तेव्हा वजनाऐवजी पुढे असणाऱ्यांना त्या मोटरचा जोर कमी वेळ वापरू द्यायचा नियम आला. काही जुन्या चाहत्यांना ही पद्धत अन्यायाची वाटते. मला नाही वाटत. पैशाने आलेला फरक कशाने तरी कमी करावाच लागतो, नाहीतर खेळ दोन श्रीमंतांपुरता उरतो. नव्वदच्या दशकाअखेर तेच झालं होतं.

जागतिक पातळीवर २००५ ते २०१७ हे अजिंक्यपद पुन्हा चाललं. त्यात सुरुवातीच्या वर्षांत शेव्हरोलेची लासेटी धावायची. ती गाडी आपल्याकडे ऑप्ट्रा नावाने विकली जात होती, हे फार कमी लोकांच्या ध्यानात आलं. २०१५ मध्ये शर्यतींचे आयोजक मार्चेल्लो लोत्ती यांनी टीसीआर नावाचा नवा नियमसंच आणला: पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी, दोन लिटर टर्बो इंजिन, साधारण ३५० अश्वशक्ती. कंपनीने गाडी बनवून खासगी संघांना विकायची, स्वतःचा संघ उतरवायचा नाही. एवढ्या एका अटीने खर्चाची शर्यत थांबली आणि सिव्हिक, ह्युंदाई, ऑडी अशा गाड्या अनेक देशांत एकाच नियमाने धावू लागल्या. याच नियमाखाली २०१८ चा विश्वचषक ह्युंदाईवर कुणी जिंकला? १९९४ च्या अल्फावाल्या तारक्विनीने, वयाच्या ५६ व्या वर्षी.

आपल्या देशात हा खेळ वेगळ्या वाटेने आला. आयातीवर बंधनं होती, देशात बनणाऱ्या गाड्या मुख्यतः तीन: अॅम्बॅसडर, फियाट, हेराल्ड. त्यामुळे मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ज्या शर्यती व्हायच्या, त्यात घरगुती गाड्या बऱ्याच उतरायच्या. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला पक्का ट्रॅक उभा केला. २००३ मध्ये कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आला. राष्ट्रीय अजिंक्यपदात 'इंडियन टुरिंग कार' असा गटच आहे आणि त्यात बरीच वर्षं मारुती एस्टीम आणि होंडा सिटी धावल्या. दक्षिणेला ट्रॅक मिळाले, म्हणून चालकही तिथूनच जास्त निघाले आणि मेकॅनिकही.

मराठवाड्याला ट्रॅक नाही, पण गाड्या आहेत. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती आमच्यासारखे शेकडो छोटे शॉप उभे राहिले. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाने ऑक्टाव्हिया जोडायला घेतली. पुढे त्याच आवारात ऑडीची ए४ आणि ए६ सुद्धा जोडल्या जाऊ लागल्या. म्हणजे ज्या ए४ च्या नावाने १९९६ ला ब्रिटनमध्ये दाणादाण उडवली होती, तिची पुढची पिढी जालना रोडवर ट्रेलरमध्ये चढताना आम्ही पाहिली.

आणि स्कोडाची एक गोष्ट मी भाच्याला खास सांगितली. शेंद्र्यात ऑक्टाव्हिया आली, त्यानंतर तिची 'आरएस' नावाची जोरकस आवृत्तीही आपल्या रस्त्यांवर दिसली. हे आरएस गाजलं ते चेकोस्लोव्हाकियाच्या १३० आरएस या छोट्या, दोन दरवाज्यांच्या कूपेमुळे. इंजिन मागे, तेही १३०० सीसीच्या आतलं. छप्पर आणि दरवाजे अॅल्युमिनियमचे, बॉनेट फायबरचं. १९७७ च्या माँटे कार्लो रॅलीत तिने आपला गट जिंकला. १९८१ साली युरोपच्या टुरिंग कार अजिंक्यपदात चालकांचा मान बीएमडब्ल्यूच्या जोडीला गेला, पण कंपन्यांच्या यादीत सगळ्यांत वर होती स्कोडा, कारण आपल्या लहान गटात ती सतत पहिली येत राहिली.

भाच्याने लगेच विचारलं, "आपल्या हिशेबाने ती कुठल्या गटातली? आदत का दुसा?"

मी म्हटलं, "दुसा धर."