‘समुपदेशन’ या शब्दानं घातलेला घोळ

कोल्हापुरात थेरपी म्हटलं की अजून निम्म्या लोकांना फिजिओथेरपीच आठवते, गुडघा नाहीतर कंबर. मनाच्या उपचाराला आपल्याकडं शब्द दोन, मानसोपचार आणि समुपदेशन, आणि सगळा घोळ तिथंच आहे.

मानसोपचारतज्ज्ञ ही पाटी आपण वाचतो ती गोळ्या लिहून देणाऱ्या एमडी डॉक्टरच्या दारावर, त्यांना खरं तर मनोविकारतज्ज्ञ म्हणायला पाहिजे. बोलून उपचार करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळे, ते औषध देत नाहीत, पण लोक त्यांनाही मानसोपचारवालेच म्हणतात. मग माणूस चिठ्ठी मिळेल म्हणून जातो, पाऊण तास बोलून बाहेर येतो आणि घरी सांगतो, गोळी एक दिली नाही, फी मात्र घेतली.

समुपदेशनाचं तर त्याहून अवघड. शब्दातच उपदेश बसलाय, त्यामुळं येणारा उपदेश ऐकायच्या तयारीनंच येतो आणि आईबाप पोराला ‘जरा समजावून सांगा’ म्हणून आणून सोडतात. वर हाच शब्द कुटुंब न्यायालयात, ॲडमिशनच्या फेऱ्यांत आणि दहावी-बारावीच्या आधी बोर्ड फोन नंबर जाहीर करतं त्यातही. एवढ्या ठिकाणी वापरलेल्या शब्दाला धार राहणार कशी?

व्हिएन्नातल्या फ्रॉइडचा तो कोच, रुग्णाला आडवं करून बोलतं करायचा सोफा, सगळ्यांना माहीत आहे, तो सोडू. मनोविश्लेषणाची संस्था कलकत्त्यात १९२२ लाच निघाली होती, पण कायदा तेव्हा १९१२ चा, वेड्यांना कुठं ठेवायचं एवढंच बघणारा. त्याच्या जागी १९८७ चा आला, तो प्रत्यक्ष लागू व्हायला १९९३ उजाडलं.

आज जास्त चालतात त्या पद्धती १९५० नंतरच्या. आरईबीटी, म्हणजे अविवेकी समजुती शोधून त्या बदलायला लावणारी, १९५५ च्या सुमाराची, मराठी वाचकांत बऱ्यापैकी पोचलेली, आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हीवर काम करणारी, साठच्या दशकातली. ती काय करते ते इथलंच उदाहरण घेऊन सांगतो. पंचगंगेच्या पुराची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ बघितलेला माणूस पाऊस वाढला की रात्रभर मोबाईलवर पातळी बघत बसतो, छातीत धडधड, झोप नाही. सीबीटीत त्याला कोणी ‘काळजी करू नका’ म्हणत नाही. ३० फूट वाचलं, मनात काय आलं, ‘घर गेलं’, मग काय केलं, हे कागदावर लिहून घेतात, मागं ३० ला पाणी कुठंपर्यंत होतं ते त्यालाच आठवायला लावतात, पातळी बघायच्या वेळा ठरवतात आणि वर होमवर्क देतात. गॅसचा नॉब दहादा तपासणाऱ्याची रीत वेगळी, एकदाच बघून बाहेर पडायचं आणि अस्वस्थपणा आपसूक उतरेपर्यंत परत फिरायचं नाही. पुन्हा पुन्हा स्वतःला इजा करून घेणाऱ्यांसाठी डीबीटी, म्हणजे टोकाच्या भावना सावरायला शिकवणारी थेरपी, आहे, नवराबायकोला एकत्र बसवून करायची थेरपी आहे, नुसतं नीट ऐकून घेणारीही आहे, आणि तिला कमी लेखू नये.

आता वादाचा मुद्दा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला. चांगला कायदा, विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरा असं सांगणारा. पण ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण याच्या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचारातले सोशल वर्कर आणि नर्स, इतकंच काय आयुर्वेद-होमिओपॅथीत या विषयाचं पीजी केलेलेही बसले, आणि समुपदेशक बाहेर राहिला. नुसतं एमए सायकॉलॉजी करून क्लिनिकल होत नाही, त्यावर पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलं वेगळं ट्रेनिंग लागायचं, तेव्हा गाळणी हवी होती हे मान्य. पण बाहेर ठेवलं म्हणून पाट्या थोड्याच उतरल्या? आठवड्याच्या कोर्सवालाही समुपदेशक आणि वीस वर्षं मुरलेलाही समुपदेशक, गिऱ्हाईकानं ओळखायचं कसं. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात समुपदेशकांना जागा मिळाली खरी, पण डायबेटिस एज्युकेटर आणि एचआयव्ही समुपदेशकाच्या गटात.

त्यानंतर १० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन सुरू झाली, नंबर १४४१६, फुकट, मराठीतही बोलता येतं. तिथं पहिला फोन जो उचलतो त्यालाही समुपदेशकच म्हणतात.