खाडीचे दीर्घकालीन निरीक्षण (पाण्याची प्रत आणि हवामान)

समुद्राचे खारे पाणी आणि नदी-नाल्यांचे गोडे पाणी जिथे मिसळते, त्या खाडीत ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतराने, वर्षानुवर्षे पाण्याची प्रत आणि हवामान मोजत राहण्याची पद्धत. अमेरिकेतील राष्ट्रीय खाडी-संशोधन क्षेत्रांत १९९५ पासून असा एकसूत्री कार्यक्रम चालतो. तिथे पाण्याचे तापमान, लवणता, विरघळलेला प्राणवायू, पीएच, गढूळपणा आणि पातळी दर १५ मिनिटांनी नोंदवली जाते. मुंबई परिसरात ठाणे, माहीम, मालाड आणि वसई या खाड्यांना हीच पद्धत लागू पडते.

महिन्याला एक बाटली भरून खाडी कळत नाही. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. त्यानुसार पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आतबाहेर येते, तर अष्टमीला सहाच्या सुमारास. म्हणजे पौर्णिमेला दुपारी घेतलेला नमुना बव्हंशी समुद्राचा असतो आणि अष्टमीला त्याच वेळी, त्याच जेट्टीवरून घेतलेला नमुना नाल्यांचा. दोन्ही आकडे खरे, पण त्यांची तुलना करून पाणी सुधारले की बिघडले हे सांगता येत नाही. शिवाय रात्रभर शेवाळ आणि जिवाणू प्राणवायू वापरत राहतात, त्यामुळे तो पहाटे सर्वांत कमी असतो. मुंबईत उधाणाची मोठी ओहोटीही नेमकी सकाळी सहाच्या आसपास येते. माशांना सर्वांत घातक ठरणारी ही घडी कार्यालयीन वेळेतल्या नमुन्यात कधीच सापडत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत एसडब्ल्यू-२ वर्गाच्या (आंघोळ, जलक्रीडा आणि व्यावसायिक मासेमारीसाठीच्या) समुद्री पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा संपृक्ततेच्या (पाण्यात जास्तीत जास्त मावेल त्याच्या) ५० टक्के, यांतले जे जास्त असेल ते, हवा. ३० अंश तापमानाच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात मुळातच सुमारे ६.२ मिलिग्रॅम मावतो, गोड्या पाण्यात ७.५. त्यामुळे लवणता आणि तापमान सोबत नसेल तर प्राणवायूचा आकडा अर्धवट राहतो.

केंद्रे मुखापासून वरच्या टोकापर्यंत पसरलेली हवीत. ठाणे खाडीत वाशी आणि ऐरोलीच्या पुलांचा परिसर आणि वरचे चिंचोळे टोक यांतला फरक पावसाळ्यात फार मोठा असतो. छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप जेट्टीच्या खांबाला पक्का बांधून त्यात प्रोब (सगळे सेन्सर बसवलेले, स्वतः नोंद ठेवणारे उपकरण) सोडतात. सेन्सर तळापासून साधारण अर्धा मीटर वर राहिले पाहिजेत, नाहीतर गाळात रुततात. पाइप मुख्य प्रवाहाच्या खोल पात्रातच हवा. मोठ्या ओहोटीला प्रोब उघडा पडला की लवणता एकदम शून्याकडे जाते आणि पावसाचे गोडे पाणी आल्याचा भास होतो. त्या क्षणीची पातळी पाहिली की उलगडा होतो.

मुंबईच्या उबदार पाण्यात खरा शत्रू म्हणजे चिकटणारे जीव. आठवड्याभरात सेन्सरवर बुळबुळीत थर येतो, मग बार्नेकल (खडकाला चिकटणारे कवचधारी जीव) बसतात. पाइपच्या छिद्रांत प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या तर आतले पाणी कोंडते आणि प्राणवायू खोटा कमी दिसतो. तांब्याची जाळी आणि फिरता ब्रश यांनी थोडी मदत होते, पण दर दोन आठवड्यांनी प्रोब बदलणे हाच खात्रीचा उपाय. त्यासाठी दोन प्रोब लागतात. नवा आधी जुन्याशेजारी सोडून दोघांचे वाचन घ्यायचे, मगच जुना काढायचा. प्रयोगशाळेत तो धुण्याआधी आणि धुतल्यानंतर प्रमाण द्रावणांत (ज्यांचे मूल्य आधीच माहीत असते अशा) तपासायचा: पीएचसाठी ७ आणि १०, विद्युतवाहकतेसाठी समुद्राच्या जवळचे द्रावण, प्राणवायूसाठी हवेने संपृक्त पाणी. धुण्याआधीचे वाचन विसरले, तर किती चूक चिकटलेल्या थराची आणि किती सेन्सरचे मोजमापच सरकल्याची, हे पुन्हा कळत नाही. प्राणवायूची अधूनमधून विंकलर पद्धतीने (बाटलीतल्या नमुन्यावर रसायने वापरून) पडताळणी करावी. सांडपाण्याच्या खाडीत नायट्राइट असते आणि ते या चाचणीचा आकडा बिघडवते, म्हणून त्यात सोडियम अझाइड वापरावेच लागते.

नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट यांचे नमुने महिन्यातून एकदा पुरतात. ते लगेच गाळून बर्फात ठेवावेत. उन्हात तासभर राहिलेल्या बाटलीतला अमोनिया खाडीतला राहत नाही.

हवामान केंद्र खाडीकाठीच लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला सुमारे ७४ मिमी. कुलाब्याच्या आकड्यावरून त्या दिवशीची, माहीम खाडीला मिळणारी मिठी नदी समजली नसती. उलटणाऱ्या बादलीचे पर्जन्यमापक दर ०.२ मिमीला एक ठोका मोजते, पण मुसळधार पावसात बादली उलटत असताना पडलेले पाणी निसटते. म्हणून शेजारी साधे पर्जन्यमापक ठेवून एकूण आकडा जुळवतात. गाळणीत पक्ष्यांची विष्ठा अडकली की पाऊस संपल्यावरही ठोके पडत राहतात. हवेचा दाबही हवाच: वायुनळी (बाहेरच्या हवेशी जोडणारी नळी) नसलेला, दाबावर चालणारा पातळीमापक पाण्यासोबत हवेचेही वजन मोजतो, आणि १ हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर पाणी. हिवाळा आणि पावसाळा यांतल्या दाबाच्या फरकाने, दुरुस्ती केली नाही तर, पातळीत सुमारे १० सेंटिमीटरची चूक शिरते.

मूळ नोंद कधीही पुसायची नसते. संशयित आकड्यापुढे खूण करून कारण लिहितात: प्रोब उघडा, थर जमलेला, बॅटरी उतरलेली. जागा किंवा उपकरण बदलले तर तारीख आणि उंचीतला फरकही नोंदवतात. मुंबईच्या अपोलो बंदराच्या भरतीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. आज समुद्राची पातळी किती वाढली हे त्यांवरून काढायचे, तर मापकाचा शून्य (ज्या उंचीपासून पातळी मोजतात ती खूण) कुठे होता हेच आधी शोधावे लागते.