दोघांची छोटी सिटी ट्रिप: काय आधी ठरवायचं, काय मोकळं ठेवायचं

दोन रात्रींची ट्रिप म्हणजे कागदावर तीन दिवस, पण पहिल्याचा अर्धा प्रवास आणि चेक-इनमधे जातो, शेवटचा अर्धा बॅग भरण्यात, म्हणजे हातात जेमतेम दोन दिवस. आमच्याकडे ट्रिप आखून घ्यायला येणाऱ्यांच्या याद्या मात्र आठवडाभराच्या असतात! म्हणून आमचा हिशोब साधा आहे, रोज बघायची एकच गोष्ट आणि एकच जेवण पक्कं करायचं, बाकी वेळ भटकायला.

तिकिटं काढायच्या आधी म्युझियमचा सुट्टीचा वार बघा. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, त्याच शहरातलं ओर्से सोमवारी, फ्लॉरेन्सचं उफिझीसुद्धा सोमवारी. लाँग वीकेंड जोडून सोमवारी निवांत बघू म्हणणाऱ्यांची इथेच पंचाईत होते. व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद असतात, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडतात आणि तेव्हा फुकट असल्यामुळे रांग अशी लागते की आम्ही तरी तो दिवस कुणाला सुचवत नाही.

दुसरं म्हणजे स्लॉट, म्हणजे आत जायची ठरलेली वेळ. मिलानमधे लिओनार्डोचं लास्ट सपर हे चित्र बघायला एका ग्रुपला पंधराच मिनिटं मिळतात, रोमच्या बोर्गेसे गॅलरीत दोन तास, आणि अॅमस्टरडॅमच्या अॅन फ्रँक हाऊसचं तिकीट फक्त ऑनलाइन, दारात जाऊन काही होत नाही. अशी एखादी गोष्ट मनात असेल तर आधी तिचा स्लॉट मिळवायचा आणि मग बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवायचा, उलटं केलं की सगळंच हुकतं.

आता खाणं. मोठं, खर्चिक जेवण दुपारी ठेवा, बऱ्याच चांगल्या रेस्टॉरंटमधे दुपारचा ठराविक मेनू रात्रीपेक्षा स्वस्त पडतो आणि टेबलही लवकर मिळतं. फूड वॉक (गाइडबरोबर खात खात फिरणं) करायचा तर पहिल्याच संध्याकाळी, कारण पुढे कुठे खायचं हे गाइडलाच विचारून घेता येतं. मंडईत सकाळी जा, पण वार तिथेही बघा, बार्सिलोनाची बोकेरिया रविवारी बंद असते. स्पेनमधे रात्रीचं जेवण उशिराच, संध्याकाळी सातला भूक लागणाऱ्यांनी मधे काहीतरी खाऊन घ्यावं (ट्रिपमधली निम्मी भांडणं भुकेपोटीच होतात असं आमचं मत आहे). दोघंच असाल तर वेगवेगळे पदार्थ मागवून वाटून खा, आणि टेबल फुल असेल तर काउंटरवर जागा आहे का विचारा, दोघांची सोय बऱ्याचदा होऊन जाते.

आणि सगळं एकत्रच बघायला पाहिजे असं काही नाही. एकाला चित्रांसमोर तास घालवायचाय आणि दुसऱ्याचे पाय दुखतायत, तर सरळ वेळ ठरवून कॅफेत भेटा. दोघांनी आपापली एकेक गोष्ट निवडायची आणि त्यावर दुसऱ्याने वाद घालायचा नाही, एवढं घरूनच ठरवून निघा.

हॉटेल शक्यतो रात्री जिथे जेवणार त्या भागात घ्या, सकाळी मेट्रोने कुठेही जाता येतं पण जेवल्यावर चालत परतायला मजा येते.

आम्हाला कळवताना तारखा, काय खात नाही, कसली अॅलर्जी आहे का आणि दिवसाला किती चालवेल एवढं लिहा. नावं पासपोर्टवर आहेत तश्शीच पाठवा, कोलोसियमसारख्या ठिकाणी तिकिटावर नाव असतं आणि गेटवर ते ओळखपत्राशी जुळवून बघतात.